आज कोण मेलं?

पावसाळ्यात माझ्या पिशवीत डबा असतो, छत्री असते आणि एक खून असतो. खून पुस्तकातला, आणि तोही अगदी सोज्वळ. डहाणू-चर्चगेट लोकल वैतरणेच्या पुलाआधी अडकून पडली की डब्यातल्या बायका मोबाईल काढतात आणि मी डोंगरातल्या एका विश्रामगृहात जाऊन बसते.

इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाची एक जात आहे, गोधडीत शिरून वाचावी अशी. सध्या माझी हेमलॉक फॉल्सची मालिका चालू आहे. लेखिका क्लॉडिया बिशप. खरं नाव मेरी स्टँटन. न्यूयॉर्क राज्याच्या आडभागात दरीच्या काठावर, धबधब्याशेजारी एक जुनं विश्रामगृह आहे आणि दोघी बहिणी ते चालवतात. क्विल मूळची चित्रकार. पाहुणे, हिशेब, नोकरमाणसं सगळं तिच्याकडे. मेगच्या ताब्यात स्वयंपाकघर, आणि जीभ भलतीच फटकळ. पहिलं पुस्तक १९९४ चं. तेव्हापासून त्या एवढ्याशा गावात इतकी माणसं मेली आहेत, की शहाण्या माणसाने तिथे खोली घेऊ नये. तरी पुढच्या पुस्तकात पाहुणे बॅगा घेऊन हजर!

या पुस्तकांचे रिवाज ठरलेले आहेत. खून पडद्याआड होतो, रक्ताचे पाट वाहत नाहीत. कुत्र्या-मांजराच्या केसाला धक्का लागत नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसते. कधी हॉटेलची मालकीण, कधी निवृत्त शिक्षिका, कधी नुसतीच चौकस म्हातारी. बऱ्याच पुस्तकांत शेवटी पाककृतीसुद्धा असते. खुनी पकडला गेला, आता केक करा.

वरवर पोरखेळ वाटतो, पण आतली शिस्त कडक. रोनाल्ड नॉक्स हा इंग्रज धर्मगुरू स्वतःही रहस्यकथा लिहायचा. त्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार सुरुवातीच्या पानांतच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. सहावा असा, की योगायोगाने किंवा ‘मला आतून वाटलं’ म्हणून उलगडा करायचा नाही. थोडक्यात, वाचकाला फसवायचं तर प्रामाणिकपणे फसवा.

डोंगरावरचं हॉटेल आणि मृतदेह ही जोडी काही परदेशी मक्तेदारी नाही. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात १९११ साली फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म ही प्रेतात्म्यांशी बोलण्याचा नाद असलेली बाई विषप्रयोगाने मेली. तिच्या मैत्रिणीवर खटला चालला, ती निर्दोष सुटली आणि प्रकरण कायमचं अधांतरी राहिलं. अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीचं बीज याच घटनेत आहे, असं मसुरीत आवडीने सांगतात. त्याच मसुरीतल्या एका हॉटेलात रस्किन बाँड यांनी मिस रिप्ले-बीन ही वृद्ध अँग्लो-इंडियन बाई बसवली. सोबतीला तिचा तिबेटी कुत्रा आणि हॉटेलात पियानो वाजवणारे मिस्टर लोबो. ‘डेथ अंडर द देवदार्स’ हे पुस्तक २०१६ चं. चहाबरोबर एका बैठकीत संपतं.

आपल्या सह्याद्रीकडेही कुणीतरी वळलं, पण ते अमेरिकेतून. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री ही मुंबईची पारशी वकील. ‘द सातापूर मूनस्टोन’ या २०१९ च्या कादंबरीत ती १९२० च्या दशकातल्या पावसात सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते आणि सर्किट हाउसात मुक्काम करते. चिखल, पालखी, बंद पडलेली वाट, राजवाड्यातल्या सासू-सुना, सगळं आहे. हे वाचताना मला राहून राहून जव्हार आठवत होतं.

जव्हार आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. मुकण्यांचं संस्थान, दगडी जयविलास राजवाडा, दाभोशाचा धबधबा, जुलैत हातभर अंतरावरचं दिसू न देणारं धुकं. शेवटची एसटी गेली आणि घाटात दरड आली की जे लॉजमध्ये ते लॉजमध्येच. बोहाड्याच्या रात्री मुखवटे चढवून निघालेली सोंगं, त्यात एक सोंग जास्तीचं! स्वयंपाकघरात नागलीची भाकरी आणि रानभाज्या, म्हणजे पाककृतीचीही सोय झाली. एवढं तयार साहित्य पडून आहे आणि मराठीत अशी एक मालिका नसावी?

शिवाय रहस्यकथा आपल्याला परकी नाही. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या टोपणनावातलं अर्नाळा आज आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्यासाठी दोन पिढ्यांनी वाचनालयांत रांगा लावल्या. तिकडे मधुकर तोरडमल रंगभूमीवर लोकांना हसवत होते आणि ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणत होते. पण अर्नाळकरांचे नायक भिंतीवरून उड्या मारणारे, अंधारात वेषांतर करून वावरणारे. खलनायक ताकदीचा, म्हणून नायकही ताकदीचा. नुसते प्रश्न विचारून खुनी शोधणारी शेजारची काकू मराठीत फारशी रुजली नाही.

पुस्तकात रुजली नसेल, पण लोकलमध्ये ती मला रोज भेटते. केळवे रोडला पानांची करंडी घेऊन चढणारी एक मावशी आहे. करंडी सीटखाली सारायची, वरचं ओलं फडकं पिळून दाराबाहेर झटकायचं, पदराने हात पुसायचे आणि मला विचारायचं, “काय गं, आज कोण मेलं?” मग मी आदल्या दिवसानंतरचा भाग सांगते. पालघरची एक नर्स विषाच्या मात्रेवर हरकत घेते. उमरोळीच्या बाईंना पोलिसांचा राग, पुस्तकातल्यासुद्धा. मावशीची पद्धत मात्र पक्की: “चाव्या कोणाकडं असतात, ते बघ आधी.” तिच्या या एका वाक्याने भल्याभल्या लेखकांचे बेत सफाळ्याच्या आतच उघडे पडले आहेत.

एकदा सगळी कथा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “एक माणूस मेला, त्याच्यासाठी अख्खं पुस्तक! तिकडं माणसाला किती वेळ देतात गं.”

मावशीने या पुस्तकांचं मर्म सांगितलं. आपल्याला आराम वाटतो तो धबधब्यामुळे किंवा केकमुळे नाही. इथे एक माणूस मरतो आणि सगळं गाव थांबतं. तो कसा होता, कोणाशी भांडला, रात्री कोणता दिवा चालू होता, सगळं विचारलं जातं. मेलेला माणूस बहुधा खडूस, कंजूष, कोणालाच नको असलेला असतो. तरीही तो का मेला याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक मिटत नाही.

या करमणुकीचं मूळही कधी कधी खऱ्या मरणात असतं. ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनला चालू आहे. थांबलं ते २०२० मध्ये करोनाने. बर्फाने वेढलेलं गेस्ट हाउस, आत अडकलेले पाहुणे, त्यांच्यात एक खुनी. या सगळ्याची प्रेरणा मात्र डेनिस ओनील या बारा वर्षांच्या मुलाकडून आली. सरकारी यंत्रणेने सांभाळायला म्हणून त्याला श्रॉपशायरमधल्या एका शेतावर ठेवलं होतं. जानेवारी १९४५ मध्ये उपासमार आणि मारहाणीने तो तिथे मेला. तेव्हा युद्ध चालू होतं, रोज हजारो माणसं मरत होती. तरीही त्या एका पोरासाठी सर वॉल्टर माँक्टन यांची चौकशी बसली, काही महिन्यांत अहवाल छापून लोकांच्या हाती आला, आणि त्यातून सुरू झालेली खळबळ १९४८ च्या बालकविषयक कायद्यापर्यंत गेली.

आता आपल्याकडे या. बोईसरला राहणाऱ्या माणसाला तारापूर एमआयडीसीतल्या स्फोटाचा आवाज ओळखता येतो. आधी काचा थरथरतात, मग आवाज येतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरतो: “कुठला प्लॉट?” ज्यांच्या घरातलं माणूस पाळीला गेलेलं असतं, त्या घरातला फोन कोणी खाली ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते. रिअ‍ॅक्टरचा स्फोट, इतके ठार, इतके जखमी, मदत जाहीर, चौकशीचे आदेश. मेलेला बहुधा कंत्राटी कामगार, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला. तीन वर्तमानपत्रांत त्याचं आडनाव तीन तऱ्हेने छापलेलं. पहिलं प्रकरण इथे संपतं. दुसरं सहसा छापून येतच नाही.

खरं तर नॉक्सचे नियम इथेही लागू पडतात. रिअ‍ॅक्टर आपण होऊन फुटत नाही. रासायनिक क्रियेत उष्णता निघते. ती काढून घेणारं थंड पाणी थांबलं की तापमान चढतं, क्रिया आणखी वेगाने होते, दाब वाढतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्हने वेळेवर काम केलं नाही तर भांडं फुटतं. म्हणजे विचारायचे प्रश्न साधे आहेत. पाणी का थांबलं? व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला? रात्रपाळीला तिथे प्रशिक्षित माणूस होता का? कामाच्या परमिटवर सही कोणाची? सहाव्या नियमाप्रमाणे योगायोगावर भागवायचं नसतं. आपण मात्र ‘अपघात’ हा एकच शब्द लिहून फाईल बांधतो. पहिल्या नियमाप्रमाणे दोषी सुरुवातीच्या पानांतच असतो: देखभालीच्या नोंदवहीत, पाळीच्या हजेरीत, किंवा मावशी म्हणते तसं, ज्याच्याकडे चाव्या असतात त्याच्यापाशी.

चौकशी करायला कायदा नाही, असंही नाही. मृत्यू झालेल्या अपघाताची चौकशी एका महिन्यात करावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ८८ मध्येच केलेली होती. कारखान्यांतल्या सुरक्षेवर देखरेख ठेवायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. अहवाल कुठेतरी लिहिला जातो. तो वाचायला कोणी मागत नाही, एवढंच.

तर मग मागू या. शोध घ्यायला पोलिसांचा बिल्ला लागत नाही, हे या पुस्तकांनी शिकवलंच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमच्या आठवणीतला तारापूर एमआयडीसीतला कोणताही एक स्फोट निवडा. बातमीचं कात्रण शोधा, तारीख आणि कारखान्याचं नाव लिहा. संचालनालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच मागा: चौकशी अहवालाची प्रत आणि त्यावर झालेल्या कारवाईचा तपशील. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. नाही आलं तर अपील करा. आलं तर त्याची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मेलेल्या माणसाचं नाव बरोबर लिहून दुसरं प्रकरण आपण इथे छापू.