सूट, टाय आणि बाण

मंडळी, आज जरा पर्सनल. गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली. शेंद्रा एमआयडीसीतली, साडेचार वर्षांची. एचआरनं पंधरा मिनिटांत विषय संपवला. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मग काय, रोज सकाळी आईनं भरलेला डबा घ्यायचा, निघायचं, आणि शेंद्र्यातल्याच एका टपरीवर सीव्ही पाठवत बसायचं. सीव्हीवरचा फोटो मात्र झक्कास! सूट, टाय, स्माइल.

तिथंच नेटवर टाइमपास करताना फ्रान्सिस न्यूटन सुझा भेटला. गोव्यातल्या साळगावचा, जन्म १९२४. तान्हा असतानाच वडील गेले. लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्यावर व्रण राहिले. चले जाव चळवळीपायी १९४५ मध्ये जे. जे. स्कूलनं काढून टाकलं. गड्यानं १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. १९४९ मध्ये मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याचं सेल्फ-पोर्ट्रेट लागलं. अंगावर एक कपडा नाही! बोंबाबोंब झाली, चित्र उतरवलं गेलं, पोलिसांनी घराची झडती घेतली. त्याच वर्षी साहेबांनी लंडनची बोट पकडली.

तिथं काय गालिचे अंथरलेले नव्हते. काही वर्षं नुसती ओढाताण. घर चाललं ते बायकोच्या, मारियाच्या पगारावर. १९५५ मध्ये गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं आणि दिवस पालटले. पण त्याच वर्षीचं ‘मिस्टर सेबॅस्टियन’ बघा. सेबॅस्टियन म्हणजे बाणांनी विंधलेला ख्रिस्ती संत. सुझानं त्याला चक्क सूट घातला, आणि बाण मारले ते मानेत, चेहऱ्यात. जाणकारांना त्यात सुझाच दिसतो.

मला मी दिसलो. सूट तोच, टाय तोच. फक्त फोटोतले बाण मी क्रॉप केले होते.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगून टाकलं. ती काही क्षण गप्प. मग माझ्या बॅगेतून डबा काढला, घासायला घेतला आणि पाठमोरीच म्हणाली, “मग उद्यापासून घरीच गरम जेव की रे. गार पोळ्या कशाला खायच्या?”

बॉस, सेल्फ-पोर्ट्रेट काढायला ब्रशच लागतो असं नाही. आणि हो, गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. सीव्हीवर फोटो तोच आहे. “आधीची नोकरी का सोडली?” याचं उत्तर मात्र बदललंय.