उघडी मोटार आणि पट्टा
ज्या जुन्या मोटारीला मुळात पट्टेच नव्हते, तिला ते बसविण्याची सक्ती ब्रिटनचा कायदा करीत नाही. बिनछपरी मोटारींचे कित्येक शौकीन म्हणतात, मोटार उलटली तर बांधलेला चिरडला जाईल, सुटा बाहेर फेकला जाऊन वाचेल. यातील भय खरे. आशा मात्र भ्रामक होय. फेकला गेलेला मनुष्य गादीवर नव्हे, रस्त्यावर आपटतो. आणि समोरच्या धडकेत स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसतो. व्होल्वोच्या नील्स बोहलिन यांचा छाती व कंबर आवरणारा पट्टा १९५९ मध्ये आला, तो यासाठीच. अर्थात कुजक्या लाकडात ठोकलेला पट्टा ही आत्मवंचना. तो पोलादी सांगाड्यालाच जखडावा, आसनामागे भक्कम कमान उभारावी. मूळ रूपास किंचित बाध येईल, हे आम्हांस मान्य आहे. पण वारसा जपावयाचा, तर वारस आधी जिवंत हवा!