मका कधी कापायचा, हे कणसाला विचारा



उसाच्या बाबतीत आपल्याला कुणी शहाणपण शिकवायची गरज नाही. कोवळा ऊस तोडला तर उतारा पडतो, तुरा येऊन फार दिवस उभा राहिला तर पोकळ पडून वजनात मार खातो, हे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. तोड लांबली की आपण गट ऑफिसात जाऊन हुज्जत घालतो. पण त्याच रानात मुरघासासाठी मका केला, की हे सारे शहाणपण बांधावर राहते. कुट्टी यंत्र ज्या दिवशी मिळेल, तोच कापणीचा दिवस!

हे आम्ही कुणाला हिणवायला लिहीत नाही. आमचेही तसेच झाले. हंगाम चालू होता तोवर वाढ्यांची चैन होती. टोळ्या गेल्या आणि वैरणीची ओढाताण सुरू झाली. खोडवा गेलेल्या रानात मार्चअखेर मका टाकला. जुलैत आडसाली लागण धरायची, म्हणून रान मोकळे करण्याची घाई. जूनच्या सुरुवातीला दाण्यात नुसता चीक होता. पण यंत्र शेजारच्या रानात आलेच होते. म्हटले, उरकून घेऊ. खड्डा भरला, ट्रॅक्टरने दाबला, कागद टाकून माती लोटली. आठ दिवसांत खड्ड्यातून काळपट पाणी वाहू लागले. दीड महिन्याने उघडला तर नाक धरावे असा कुजकट वास. म्हशींनी गव्हाणीत तोंड घातले नि मागे घेतले.

दोष यंत्राचा नव्हता, बियाण्याचाही नव्हता. आम्ही पाणी कापून खड्ड्यात भरले होते. ओल फार असली की वैरण आंबवणारे चांगले जंतू मागे पडतात आणि कुजवणारे पुढे सरतात. शिवाय जे पाणी गळून जाते, त्याबरोबर ताटातली साखरही जाते.

हिशेब साधा आहे. कोवळ्या मक्यात कोरडा भाग शेकडा 20 धरला, तर 10 टन हिरव्या वैरणीत जनावराच्या उपयोगाचे 2 टन. तोच मका शेकडा 33 वर आल्यावर कापला, तर 10 टनात 3 टन 300 किलो. वाहतूक तेवढीच, कुट्टीची मजुरी तेवढीच, खड्डा तेवढाच. वर दाणा भरलेला असल्याने पिठूळ खुराक वैरणीतच मिळतो. पेंडीचा भाव पाहता ही गोष्ट लहान नाही.

मग थांबावे तरी किती? फार थांबणेही वाईटच. दाणा टणक झाला, ताट वाळले, की कुट्टी नीट दबत नाही. आत हवा राहते, खड्डा तापतो, बुरशी धरते. टणक दाणा जनावर पचवत नाही. तो शेणात जसाच्या तसा दिसतो. मक्याचा कोरडा भाग शेकडा 30 ते 35 असताना कापणी करावी, हे उत्तम.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कणीस मधोमध मोडावे आणि शेंड्याकडच्या तुकड्याचे मोडलेले तोंड पाहावे. दाणा बाहेरच्या टोकाकडून घट्ट होत येतो. आतल्या, बुरकुंडाकडच्या बाजूला दूध असते. दोहोंमधली रेघ दाण्याच्या निम्म्यावर किंवा थोडी पुढे आली की वेळ झाली. पांढऱ्या दाण्यात रेघ दिसली नाही तर नखाने दाबून पाहावे. पानांवर मात्र विसंबू नये. काही संकरित वाणांची पाने हिरवीगार राहतात आणि दाणा आत पिकून जातो. शेवटची परीक्षा मुठीची. कुट्टी घट्ट दाबली आणि बोटांतून पाणी ठिबकले, तर थांबा. हात ओलसर होऊन मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला, तर यंत्र बोलवा. गोळा झालाच नाही, तर उशीर झाला.

ज्वारीचा मुरघास करणाऱ्यांनी दाणा मऊ हुरड्यात आला की कापावे. कोवळी ज्वारी तर कापूच नये. तिच्यातल्या विषाने जनावर दगावते, हे आपण जाणतोच.

आता आमचे स्पष्ट मत. आपल्याकडे उभा मका ओल्या वजनावर विकला जातो. विकणाऱ्याला लवकर कापण्यात फायदा, घेणारा पाण्याचे पैसे मोजतो. उताऱ्यावरून भांडणारे आपण, इथे मात्र काटा दाखवील ते खरे मानतो! व्यवहार ठरवतानाच कणीस मोडून पाहावे आणि कोवळ्या मालाला कमी भाव ठरवावा. विकणाराही सभासद, घेणाराही सभासद; चार वर्षे टिकेल असा व्यवहार दोघांच्याही हिताचा.

राहिला प्रश्न लागणीच्या घाईचा. आणखी दोन आठवडे आम्ही थांबलो असतो तरी जुलैची लागण चुकत नव्हती; भीती होती ती पावसाची. त्यावर उपाय पेरणीत आहे. रान मोकळे होताच, मार्च संपायची वाट न पाहता मका टाकावा, आणि यंत्रवाल्याला पेरणीच्या वेळीच सांगून ठेवावे. पुढच्या खेपेला आम्ही तेच करणार आहोत. आपणही करावे, एवढीच विनंती.