पत्ता कुणाला विचारायचा?

आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर या आठवड्यात आणखी एक मूळव्याध चिकटली. आधीच्या होत्याच, शिवाय भगंदर, बिनव्याजी कर्ज आणि 'घरबसल्या कमवा'. पण सोलापुरात मूळव्याधीच्या माणसाला डॉक्टरचा पत्ता विचारावा लागत नाही, हे मात्र खरं. खांबच सांगतो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना दुसराच पत्ता हवा होता. कामं आटोपून घरी गेल्यावर त्या विड्या वळतात. परवा मी शेंगाचटणीसाठी मिक्सर लावला, तशा ओट्याला खेटून उभ्या राहिल्या आणि त्या घरघरीत म्हणाल्या, "अक्का, ते मार खाणाऱ्या बायकांचं हापीस कुठं आहे ओ?" नीट ऐकू यावं म्हणून मी मिक्सर बंद केला, तर त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा चालू केला. विचारत होत्या सुनेसाठी. मारणारा त्यांचाच मुलगा. बोलणं संपेपर्यंत चटणीला तेल सुटून लगदा झाला होता.

सोयी नाहीत असं नाही. १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, तातडीला ११२, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली देणारी 'सखी वन स्टॉप सेंटर' ही योजना २०१५ पासून आहे. कोर्टाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला फुकट वकील देतं, उत्पन्नाची अट नाही. बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड हल्ला यांसाठी राज्याची २०१३ ची मनोधैर्य योजना आहे, १० लाखांपर्यंत मदत मिळते, अर्ज याच प्राधिकरणाकडे. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

एवढं सगळं कागदावर मिळालं, पण 'सखी'चं दार नेमकं कोणत्या गल्लीत, ते विचारायला मी एका कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर केली आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणासाठी पाहिजे? घरात काय झालं काय?" रांग माझ्याकडे वळली. रांगेत आमच्या ह्यांच्या बँकेतले एक निवृत्त सहकारी उभे. दुपारी ह्यांना फोन आला, "घरी सगळं बरं आहे ना?" संध्याकाळी दुसऱ्याचा. तिसरा फोन आल्यावर ह्यांनी न सांगता भांडी घासली. तीसेक वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही, ते त्या खिडकीनं एका वाक्यात करून दाखवलं.

एरवी या गावात पत्ता विचारणं म्हणजे करमणूक. कन्ना चौकात विचारून बघा. पानवाला मराठीत सांगतो, त्याचं गिऱ्हाईक ते तेलुगूत खोडून काढतं, तिसरा कानडीतून दोघांनाही वेड्यात काढतो आणि रिक्षावाला म्हणतो, "बसा की, सोडतो." भाड्याचं घर, मुलीला स्थळ, गुडघ्याचा वैद्य, सगळं आपण असंच तोंडी मिळवतो. आणि याच सवयीनं या एका बाबतीत घात होतो. मार खाल्लेल्या बाईनं चौकात पत्ता विचारला, तर ती तिथं पोचायच्या आधी बातमी सासरी पोचते. मग सल्ले सुरू. तूच कशाला उलट बोललीस, पोरांकडं बघ, पोलिसांत गेलीस तर नांदवतील काय? हे सल्ले द्यायला मात्र कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून हे नंबर बाई एकटी असते तिथं लावा. एसटी स्टँडवर महिलांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला. सिव्हिलच्या केसपेपरच्या पाठीमागं. विड्या मोजून घेतात तिथं, तेलुगूतसुद्धा. मंत्र्यांचा फोटो नको, जागा नंबरालाच पुरू दे.

त्या सुनेकडे स्वतःचा मोबाईल नाही. सासूबाईंनी विड्यांच्या हिशेबाची वही पुढं केली, तीत मी १८१ लिहून दिलं. मुलानं पाहिलंच तर विड्यांचा आकडा वाटेल, म्हणाल्या. शेजारच्या शिवणवाल्या ताईंचा फोन वापरायचा, असं दोघींनी ठरवलंय.

काल ह्यांच्या त्याच सहकाऱ्यांचा पुन्हा फोन आला, या वेळी थेट मला. आता आमच्या संसाराची चौकशी ऐकायची म्हणून मी कंबर कसली. ते आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारत होता तो पत्ता मिळाला का? भाचीला पाहिजे होता." मी मिळाला होता तेवढा सांगितला, कोर्टातल्या कार्यालयाचंही सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हे तुमच्या त्या सदरात वगैरे लिहू नका हं."