करवतीचा भाव किलोवर?



काशीस जाऊन करवत घेणे हा आपल्याकडचा जुना वाक्प्रचार आहे. विश्वनाथाजवळच्या काशी-करवत या ठिकाणी मोक्षासाठी माणसे करवतीखाली देह देत, अशी आख्यायिका सांगतात. २०२४ च्या कार्तिकात आम्हीही काशीस गेलो आणि करवतीच्याच भानगडीत सापडलो. फरक एवढाच की आमची करवत विजेवर चालणारी होती, आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हते.

पास काढून महानगरीने गेलो. सोबत कॅरेज कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे सुतार मिस्त्री होते. उतरलो पंचगंगा घाटाच्या मागच्या गल्लीत, एका मराठी घरी. घाटावर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ, वर आलमगीर मशीद, जवळच औंधच्या प्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे देऊळ, आणि संध्याकाळी बांबूच्या टोकाला टोपल्यांतून टांगलेले आकाशदिवे. या भागात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. आमच्या यजमानीण काकूंचे यजमान टपाल खात्यात होते. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून त्यांनी एक जुने गोल करवतीचे टेबल घेतले आणि नावांना लागणाऱ्या फळ्या कापून देण्याचा धंदा केला. ते वारले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला, आणि यंत्र पडवीत धूळ खात पडलेले.

काकू म्हणाल्या, "भाऊ, भंगारवाला येऊन गेला. किलोवर नेतो म्हणतो. तुम्ही रेल्वेची माणसं, तुम्हाला लोखंडातलं कळतं. देऊन टाकू का?"

आमचे मिस्त्री चहा अर्धवट टाकून उठले.

आपल्यापैकी कितीतरी जण निवृत्तीचा पैसा अशा एखाद्या जुन्या यंत्रात घालतात. घेताना ते यंत्र असते, विकताना ते लोखंड होते. हे कसे होते? घेणारा तराजू घेऊन येतो आणि विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे ते सांगता येत नाही, म्हणून होते. मिस्त्रींनी आधी पट्टा उतरवला आणि पुली हाताने फिरवून कान लावला. बेअरिंग खरखरत नव्हते. शाफ्ट धरून वरखाली हलवून पाहिला, खेळ नव्हता. टेबलावर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का पाहिले. बिडाचे जाड टेबल, वाक नाही. मग मोटरची पाटी पुसली, थ्री-फेज. ती एकदा रिवाइंड केलेली होती, पण तांब्याच्या तारेने. काकूंनी ट्रंकेतून मूळ खरेदीची पावतीही काढून दिली. टपालातला माणूस पावती फेकत नाही.

एवढे सगळे चांगले असूनही भाव का पडतो, याची कारणे यंत्राच्या बाहेर आहेत. लाकडाच्या जागी प्लायवुड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. हातात धरून चालवायच्या स्वस्त करवती आल्या, त्यांना थ्री-फेज जोडणी लागत नाही. ओंडके चिरणाऱ्या मोठ्या पट्टा-करवतींची गोष्ट तर निराळीच. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर निर्बंध घातले. ईशान्येच्या सात राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी केली आणि त्या हुकमात रेल्वेचे नाव स्पष्ट होते. मालधक्क्यावर काम केलेल्या जुन्या साथींना ते दिवस आठवत असतील. पुढे ऑक्टोबर २००२ च्या हुकमाने नव्या आरागिरण्यांना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय मज्जाव झाला. तेव्हापासून अशा यंत्राची किंमत बिडाची राहिली नाही, ती परवान्याची झाली. परवाना असेल तर गिरणी, नसेल तर भंगार.

आणखी एक कारण आम्हाला जास्त बोचते. करवतीला दात लावणारा, दातांना एकाआड एक डावा-उजवा वाक देणारा हात कमी झाला. रेल्वेच्या कारखान्यांत लाकडी डबे होते, लाकडी स्लीपर होते, तेव्हा सॉ मिलमध्ये शिकाऊ पोरे तयार होत. पोलादी डबे आणि काँक्रीटचे स्लीपर आले, ते चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या यंत्रांचे लॉट पाडून लिलाव झाले. पूर्वी डेपोत बोली पुकारत, आता ई-लिलाव होतो. आणि यंत्राबरोबर ते चालवण्याची विद्याही गेली. चालवणारा नाही म्हटल्यावर घेणारा कुठून येणार?

तर गिऱ्हाईक मिळाले. घाटावर नाव दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर आला. त्याने भंगारवाल्याच्या दुप्पट किंमत सांगितली. काकू लगेच हो म्हणणार होत्या. मिस्त्रींनी त्यांना थांबवले आणि आपला डावा हात पुढे केला. त्या हाताला दीड बोट नाही. निवृत्तीनंतर एका खाजगी वखारीत असल्याच करवतीवर ते गेले. पात्यावर झाकण नव्हते आणि पात्यामागे फाट उघडी ठेवणारी पट्टी नव्हती. ही पट्टी नसली की चिरलेले लाकूड पात्याला चिमटते आणि उलट अंगावर येते. माणूस तोल जाऊन पुढे झुकतो, हात जातो कुठे ते सांगायला नको.

"झाकण कुठे आहे, वहिनी?" मिस्त्रींनी विचारले. काकूंनी गच्चीकडे बोट दाखवले. तो पत्रा पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून बसला होता.

बिनझाकणाचे यंत्र विकणे हा सौदा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग भाव कितीही येवो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २६ मध्ये फिरत्या शाफ्टवरचे उघडे बोल्ट आणि दातेरी चाके न झाकता कारखान्यासाठी यंत्र विकणाऱ्यास ३ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. ५०० रुपये! त्यात मलमपट्टीही होत नाही. आता तो कायदा जाऊन २०२० चा कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. पण घरच्या पडवीत ना तेव्हा इन्स्पेक्टर येत होता, ना आता येईल. तिथे विकणाऱ्यालाच इन्स्पेक्टर व्हावे लागते.

काही साथी म्हणतील, विधवा बाईच्या चार पैशांत कशाला खोडा घालता? आम्ही उलट म्हणतो. झाकण आणि पट्टी लावलेल्या यंत्राला जास्त मागता येते, कारण घेणाऱ्याला ते उद्यापासून चालवता येते. आमच्या शाखांनी एवढे तरी करावे: निवृत्त मिस्त्रींची नावे फलकावर लावावीत, म्हणजे यंत्र घेण्याआधी आणि विकण्याआधी जाणत्याने ते पाहिलेले असेल. आमच्या पतपेढीत आम्ही जुन्या यंत्रासाठी कर्जाचा विषय दोनदा मांडला, दोनदा बारगळला. तारण काय, असे विचारतात. जाणत्याचा तपासणीचा कागद जोडला तर हा प्रश्न निम्मा सुटेल.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लोहाराकडून पट्टी करून आणली. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून किंचित जास्त आणि दातांच्या फाटीहून किंचित कमी लागते. मिस्त्रींनी ती तीनदा घासून घेतली. पत्रा गच्चीवरून उतरवून ठोकून सरळ केला. लाकूड ढकलायची काठी फळीच्या तुकड्यातून कापली आणि त्या कारागिराला दोन तास शिकवले. सौदा भंगारवाल्याच्या अडीचपटीवर तुटला. पावती काकूंच्या नावे केली, एक प्रत कारागिराला दिली.

टाकीवर आता जुन्या नावेची एक फळी आहे.