लाव्याचे रान आणि पारध्याचा फास

लांडग्याच्या जबड्यात सापडलेल्या वर्तिकेला अश्विनीकुमारांनी सोडविले, असा उल्लेख ऋग्वेदात एकाहून अधिक ठिकाणी येतो. वर्तिका म्हणजे लाव्याच्याच कुळातील पक्षी. पुढे चरकसंहितेने पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस सर्वांत हितकर ठरविले आणि बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात लाव्यांच्या झुंजींना राजविनोदांत स्थान दिले. देवांनी सोडविलेला, वैद्यांनी वाखाणलेला आणि राजांनी झुंजविलेला हा मूठभर पक्षी महाराष्ट्राच्या माळरानावर आजही आहे. परंतु त्याच्या पायाखालचे रान झपाट्याने आटत आहे. या संकटाकडे समाजाचे फारसे लक्ष नाही आणि ज्यांचे होते, त्या पारध्यांना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

लाव्याचा संसार सगळा जमिनीवरचा. गवताच्या ठोंबाखाली त्याचे घरटे असते. गवताचे बी आणि किडे हे त्याचे अन्न. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले थोड्याच वेळात आईमागे धावू लागतात आणि किडे टिपतात. त्यांना लपण्यापुरती दाट आणि धावण्यापुरती मोकळी अशी जागा लागते. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारख्या गवतांचा माळ, मधूनमधून बोरी-बाभळीची झुडपे, शेजारी ज्वारी-बाजरीची शेते आणि त्यांचे रुंद बांध ही रचना त्याला मानवते. ती मोडली की लावा मोडला. त्यासाठी बंदुकीची गोळी किंवा फासाचा दोर लागत नाही.

नेमकी हीच रचना आज मोडत आहे. सरकारी दप्तरात माळरानाची नोंद बहुधा ‘पडीक’ म्हणून होते आणि पडीक म्हटले की ती जमीन कशासाठीही मोकळी! तेथे कारखाना यावा, सौरऊर्जेचा प्रकल्प यावा किंवा खाण निघावी, कोणाचीच हरकत नसते. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे माळाचा घात पुष्कळदा निसर्गप्रेमाच्या नावानेच होतो. राज्यात 2016 ते 2019 या काळात 50 कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. झाडे लावण्यास कोणाचा विरोध असणार? परंतु ज्या भूमीचा मूळ स्वभावच गवताचा आहे, तेथे गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करणे म्हणजे माळ हिरवा करणे नव्हे, माळ बुजविणे होय. शेतातही बांध अरुंद झाले, तणनाशकांनी तणाबरोबर किडे आणि बीही नेले. उभे राहिलेले झाड मोजता येते, नाहीसे झालेले गवत कोणी मोजत नाही. त्यामुळे हा तोटा कोणत्याच अहवालात दिसत नाही.

कायद्याने काय केले, हेही पाहिले पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रारंभी परवान्याने शिकार करण्यास काही वाव होता. 1991 च्या दुरुस्तीने तो जवळजवळ संपुष्टात आला. त्या कायद्याने पक्ष्याला संरक्षण दिले, परंतु अभयारण्याबाहेरच्या गायरानातील गवताला दिले नाही. परिणाम असा, की फासात लावा धरणारा पारधी गुन्हेगार ठरतो आणि लाव्यांच्या साऱ्या रानावर नांगर किंवा यंत्र फिरविणारा विकासाचा शिल्पकार ठरतो.

पारध्यांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का नवा नाही. 1871 च्या ब्रिटिश कायद्याने ज्या परंपरेला आरंभ केला, तिने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. लोकांच्या मनातला शिक्का मात्र पुसला गेला नाही. वास्तविक फासेपारध्याची विद्या ही माळाची विद्या आहे. लाव्याची शीळ हुबेहूब काढणे, गवताच्या वाकण्यावरून वाट ओळखणे, बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणे हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठात शिकविले जात नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा शिकारीतही वाटणी असल्याचे त्यांना आढळले. फासेपारध्यांकडे हरिण आणि पक्षी, नंदीवाल्यांकडे रानडुक्कर-साळिंदर, वैदूंकडे लहान मांसाहारी प्राणी. फासात आलेली गाभण हरिणी किंवा पाडस सोडून देण्याची रीतही पारध्यांत होती.

या रीतीचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही. सावज विरळ झाले, पोट रिकामे राहू लागले, तेव्हा अशा मर्यादाही ढिल्या झाल्या. शिवाय शिकारीने पक्षी संपत नाही, असेही कोणी म्हणू नये. मसुरी-नैनितालच्या गवताळ उतारांवरील हिमालयी लाव्याची शेवटची खात्रीलायक नोंद 1876 मधील आहे. तो मुळात थोडा होता आणि गोऱ्या शिकाऱ्यांच्या बंदुका पुष्कळ होत्या. म्हणून फास पुन्हा मोकळा करा, अशी मागणी येथे नाही. प्रश्न आहे तो फासामागच्या ज्ञानाचा.

त्या ज्ञानाला आणि आस्थेला संवर्धनात जागा दिली तर काय घडते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवरच्या रानात ‘बॉबव्हाइट’ या लाव्यासारख्या पक्ष्याची शिकार ही तेथील जुनी परंपरा. 1920 नंतरच्या दशकात तो पक्षी घटू लागला, तेव्हा शिकारीचा शौक असलेल्या जमीनमालकांनीच त्याच्या अभ्यासासाठी पैसा उभा केला. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी हे काम केले. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने वनखात्याच्या समजुतीला धक्का दिला: रानातली आग सरसकट थांबविल्यामुळे झुडपे माजली, गवत दबले आणि पक्षी हटला, असे त्यांनी दाखविले. आवर घातलेली आग तेथे हितकर ठरली. 1937 च्या कायद्याने तर बंदुका आणि काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवले. इतके करूनही 1966 पासूनच्या पक्षिगणनेनुसार त्या देशात बॉबव्हाइट सुमारे चार पंचमांशाने घटला आहे, कारण शेती आणि लागवडीने त्याचे रान खाल्ले. तो टिकून आहे तो मुख्यतः जेथे रान जाणीवपूर्वक राखले गेले तेथे. दख्खनच्या माळाला आगीचा तो नियम जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. परंतु रान राखल्याशिवाय पक्षी राहत नाही, आणि ज्याला त्या पक्ष्याची ओढ आहे तोच रान राखतो, हे दोन्ही धडे आपल्याला लागू आहेत.

तेथील शिकारी जमीनमालक होता, येथील शिकारी भूमिहीन आहे. म्हणूनच येथे शासनाची जबाबदारी अधिक. 2006 च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. मात्र सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. पारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. तेव्हा वनजमिनीपुरते तरी हे दार तिच्यासाठी उघडे आहे. अकोला-वाशीम भागात काही फासेपारधी वस्त्यांनी तणमोरासारख्या माळावरच्या पक्ष्यांसाठी गवताळ राने राखण्याचे काम हाती घेतले आहे. जे हात फास टाकीत, तेच आज गवत राखीत आहेत. या हातांना कामाचा मोबदला, रानावर कायदेशीर हक्क आणि पोलिसी संशयापासून मुक्ती मिळाली, तर हा प्रयोग चार वस्त्यांपुरता राहणार नाही.

त्यासाठी पहिले पाऊल अगदी साधे आहे. महसुली दप्तरातील ‘पडीक’ हा शब्द माळरानापुरता खोडावा आणि तेथे ‘गवताळ रान’ असे लिहावे. वृक्षलागवडीची जागा ठरविण्यापूर्वी तेथे मूळचे गवत आहे काय, हे पाहावे आणि ते पाहण्यासाठी पारध्याला बरोबर न्यावे. वेदातील वर्तिकेला सोडविण्यासाठी देव धावून आले होते. आजच्या लाव्याला ग्रासणारा जबडा लांडग्याचा नाही, तो दप्तराचा आहे. आणि तो उघडण्यासाठी देवांची वाट पाहण्याची गरज नाही.