कांदा-लसूण : आहारात मान, उपचारात भान

घोडेगाव परिसरात पावसाळा लागला की बराखीत उन्हाळी कांदा असतो आणि घरोघरी सर्दी-खोकला. साहजिकच दुसऱ्यावर पहिल्याचा उतारा शोधला जातो. ‘लसणाने विषाणू मरतात’ असे संदेश आपल्याही मोबाइलवर आले असतील. त्यांत तथ्य किती, ते पाहू.

लसणाची अखंड पाकळी फारशी दरवळत नाही. ती ठेचली की तिच्यातील ॲलिन या घटकावर ॲलिनेज हे विकर क्रिया करते आणि उग्र वासाचे ॲलिसिन तयार होते. कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन विपुल असते. प्रयोगशाळेत या द्रव्यांनी काही विषाणूंना अटकाव केल्याचे आढळले आहे. परंतु काचेच्या बशीतील विषाणू वेगळा आणि शरीरातील वेगळा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४६ जणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे लसणाची गोळी दिली गेली. त्या गटात सर्दी २४ वेळा झाली, दुसऱ्या गटात ६५ वेळा. निष्कर्ष आशादायक खरा. पण एकट्या चाचणीवर उपचार उभा राहत नाही. लसूण कोरोनापासून बचाव करतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले होते.

म्हणून कांदा-लसूण आहारात अवश्य असावेत. लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा, मगच फोडणीत घालावा. उष्णतेने विकर निष्क्रिय होते. कच्चा लसूण सोसत नसेल, तर पातीची भाजी उत्तम.

मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरली असल्यास लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. ठेचलेला लसूण त्वचेवर बांधू नये. वृद्धांची नाजूक कातडी भाजते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक ध्यानी ठेवावे : उतारवयात फ्लू झाला तरी ताप चढेलच असे नाही. धाप लागणे, अन्नपाणी सुटणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी काढा उकळत बसू नये. पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांवरून घोडेगावच्या दवाखान्यात पोहोचण्यास वेळ लागतो. तेव्हा त्वरित निघावे. फ्लूच्या वार्षिक लशीविषयीही डॉक्टरांना विचारावे.

लसणाचे स्थान ताटात आहे. लशीचे आणि डॉक्टरांचे स्थान त्याला देऊ नये.